हे बाळ कुणाचं आहे?

कुंदाताई,

तुमचा मेल आला तेव्हा तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले होते. सोमवार होता. दोनला दहा कमी. मी जागेवरच डबा उघडून बसलो होतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात तुमचं नाव उमटलं. त्याखाली 'एक टेस्ट पडली' एवढंच, आणि त्याखाली मराठीत एक ओळ: हे बाळ कुणाचं आहे?

मी डब्याचं झाकण लावलं. इकडेतिकडे पाहिलं. सगळे आपापल्या कामात होते. तुमच्या खुर्चीवर कुणीतरी हेल्मेट ठेवलं होतं, ते मी उचलून खाली ठेवलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. परत येऊन पाहिलं तर मेल तिथेच होता. पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं पूर्ण नाव होतं आणि शेजारी तुमचा तो फोटो, चष्मा डोक्यावर चढवलेला.

घाबरलो, असं नाही म्हणणार. एखाद्याने मागून नाव घेऊन हाक मारावी आणि वळून पाहिलं तर कुणी नसावं, तसं झालं. आणि त्या हाकेत काय विचारलंय ते मला नेमकं ठाऊक होतं, म्हणून पुढचा अर्धा तास मी तो मेल उघडलाच नाही.

सांगलीहून इंदूरला आलो तेव्हा माझं इथे कुणी नव्हतं. स्नेहलतागंजात एक खोली, सकाळी पोहे, दिवसभर ऑफिस. मग तुम्ही ऑफिसात रुजू झालात आणि पहिल्याच दिवशी येऊन विचारलंत, "मराठी का?" मी हो म्हणालो तर हसून म्हणालात, "मग भिया, तुझी मराठी पक्की असेल. आमची तर खिचडी. तीन पिढ्या इथेच गेल्या ना. हसू नको फक्त." मी कधी हसलो नाही. तुमच्या त्या 'भिया'वाल्या इंदुरी खिचडीत मला घरच्यासारखं वाटायचं. मी तुम्हाला ताई म्हणायचो आणि तुमच्या यजमानांना काका, आणि तुम्ही म्हणायचात की या हिशोबाने तुमचं आणि काकांचं नातं काय ते बसून शोधायला लागेल.

तुम्ही अठरा वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होतात. गुडघे गेले, उभं राहणं जमेना, तेव्हा वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी क्लास लावून कॉम्प्युटर शिकलात आणि आमच्याकडे टेस्टर म्हणून आलात. आमचा प्रोग्रॅम दवाखान्यांसाठी होता. नर्सने बाळाचं वजन भरायचं, औषध निवडायचं, प्रोग्रॅमने किती मिली द्यायचं ते सांगायचं. तो हिशोब करणारा भाग मी लिहिला होता. तो बरोबर चालतो का हे बघणाऱ्या टेस्ट तुम्ही लिहायचात. आमच्यापैकी कुणीही कोडमध्ये एक ओळ बदलली की सर्व्हरवर बिल्डची, म्हणजे प्रोग्रॅम नव्याने बांधून तपासणारी, यंत्रणा आपोआप सुरू व्हायची, तुमच्या शेकडो टेस्ट एकामागून एक चालवायची. सगळ्या पास झाल्या तर हिरवं. एक जरी पडली तरी लाल, आणि लाल असेल तर ते बदल दवाखान्यापर्यंत पोचायचेच नाहीत. दारावर बसलेला राखणदारच तो. आणि त्याला काय विचारायचं ते शिकवणाऱ्या तुम्ही.

आम्ही टेस्टमधल्या बाळांना बाळ-एक, बाळ-दोन म्हणायचो. तुम्ही पहिल्याच आठवड्यात ते सगळं पुसून नावं दिलीत. गोट्या, तीन किलो दोनशे. मैना, दोन किलो सहाशे. छकुली, एक किलो चारशे, आईच्या पोटात तीसही आठवडे पूर्ण न झालेली. मी म्हणालो, ताई, हे प्रोफेशनल दिसत नाही. तुम्ही म्हणालात, बाळ-दोनला जास्त औषध गेलं तर तुला काय वाटणार आहे? काहीच नाही. गोट्याला गेलं तर बघ कसं वाटतं.

टेस्ट पडली की जो संदेश दिसतो, तोही तुम्ही तुमच्या पद्धतीनेच लिहायचात. आम्ही लिहायचो, इतकं अपेक्षित होतं, इतकं आलं. तुम्ही लिहायचात: थांब, आधी वजन विचार. किंवा: एवढं औषध मोठ्या माणसालाही देत नाहीत. सबंध ऑफिसात मराठी समजणारा मी एकटाच, त्यामुळे लाल बिल्ड आलं की बाकीचे माझ्याकडे बघायचे, आणि मी त्यांना सांगायचो ताई काय म्हणतायत ते. तुम्ही शेजारी बसलेल्या असलात तरी.

मग छकुलीची ती टेस्ट. आपलं एकमेव खरं भांडण.

टेस्ट साधी होती. छकुलीच्या वजनाचा रकाना रिकामा ठेवायचा. अशा वेळी प्रोग्रॅमने औषधाचा आकडा देता कामा नये, वजन मागून थांबायला हवं. बहुतेक वेळा तो थांबायचा. पण मधूनच, आठवड्यातून एखाद वेळी, ती टेस्ट पडायची आणि विचारायची, हे बाळ कुणाचं आहे? परत चालवली की पास. आमच्याकडे टेस्ट दर वेळी वेगळ्या क्रमाने चालतात. मी शोधून काढलं की गोट्याची टेस्ट नेमकी आधी झाली असेल तरच छकुलीची पडते. म्हणजे आधीच्या टेस्टचं काहीतरी मागे राहतंय. मला उत्तर मिळालं असं वाटलं. मी फळ्यावर काढून दाखवलं, की टेस्ट लिहिण्याचा नियमच असा आहे, प्रत्येक टेस्ट कोऱ्या पाटीवर सुरू व्हायला हवी. आपण प्रत्येक टेस्टच्या आधी सगळं पुसून घेऊ. संपलं.

तुम्ही फळ्याकडे बघत विचारलंत, "वॉर्डात दोन बाळांच्या मधे कोण पुसतं?"

मी म्हणालो, तसं वॉर्डात होत नाही, तिथे प्रोग्रॅम वेगळ्या पद्धतीने चालतो. म्हणालो खरं, पण मी ते तपासलेलं नव्हतं. मला वाटत होतं, माझं कोड आहे, मला माहीत असणारच. तुम्ही म्हणालात की जी टेस्ट कधी कधीच पडते तिची तुम्हाला जास्त भीती वाटते, कारण वॉर्डातही सगळं कधी कधीच होतं. मी आवाज चढवला. म्हणालो, ताई, तुम्हाला नर्सिंगमधलं कळतं, हे वेगळं आहे. मी हे सगळ्यांसमोर म्हणालो. तुम्ही चष्मा डोळ्यांवर घेतलात आणि स्क्रीनकडे वळलात. दुपारी मला तुमच्या डब्यातली भरली वांगी दिलीत, रोजच्यासारखी. त्या विषयावर आपण परत बोललो नाही. तो तसाच अर्धा राहिला.

त्यानंतर तुमचं पोट दुखायला लागलं, आणि कळलं तेव्हा फार उशीर झालेला होता.

तुम्ही रजेवर गेलात आणि देपालपूरच्या बाजूच्या एका लहान दवाखान्याला नवीन आवृत्ती द्यायची तारीख आली. सकाळपासून तीन वेळा बिल्ड लाल झालं. तिन्ही वेळा तीच एक टेस्ट, तोच प्रश्न. रितेशजी, आपले मॅनेजर, दोनदा येऊन विचारून गेले, "हो जाएगा ना?" मी हो म्हणालो. आणि तुमच्या टेस्टवर एक शब्द लिहिला. स्किप. म्हणजे ही टेस्ट चालवूच नका. शेजारी लिहिलं, तात्पुरतं. पुढच्या फेरीत हिरवं झालं आणि प्रोग्रॅम दवाखान्यात गेला. रितेशजींनी सगळ्यांना कचोऱ्या मागवल्या. मीही दोन खाल्ल्या.

दोन दिवसांनी हॉस्पिटलात तुम्हाला भेटायला आलो. दुपारची भेटायची वेळ. तुम्ही पलंगावर जरा उंच होऊन बसला होतात आणि सलाईनच्या नळीकडे बघत होतात. मला वाटलं, गुंगीत आहात. मग कळलं की थेंब मोजताय. सवयीने. म्हणालात, हे मिनिटाला चार जास्त सोडून राहिलेत, पण मी सांगत नाही, पोरगी नवीन आहे, घाबरेल. थोड्या वेळाने स्वतःच हात वर करून कळ हलवलीत.

ऑफिसचं विचारलंत. रितेशजींचं, माझ्या आईचं, खोलीच्या गळक्या नळाचं. आणि मग एकदम, "छकुली कशी आहे?"

"हिरवी," मी म्हणालो. "सगळं हिरवं आहे ताई."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. किती वेळ, ते मला नंतर नंतर जास्त लांबत गेल्यासारखं आठवतं. मग म्हणालात, "बरं." आणि मला संत्रं सोलायला सांगितलंत. तुम्हाला खायला मनाई होती. मीच खाल्लं.

तुमचं माझं शेवटचं बोलणं हे. दहा दिवसांनी तुम्ही गेलात.

तेराव्यानंतरच्या रविवारी बड़ा गणपतीजवळच्या तुमच्या घरी गेलो. खाली ते पूजेच्या सामानाचं दुकान, वर तुम्ही दोघं. काका एकटेच होते. चहा त्यांनीच केला, साखर दोनदा घातली. मी निघायला उठलो तेव्हा ते दारापर्यंत आले आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "ओंकार, ती बाळं आता कोण बघतं?"

मला कळेना. मी विचारलं, कुठली बाळं?

गोट्या, मैना, ते म्हणाले. आणि ती लहान, छकुली. तिचं काहीतरी बिघडलं होतं ना, कुंदा फार काळजीत होती.

मग जिन्यात उभ्या उभ्या मला उलगडलं. तुम्ही रोज घरी जाऊन जेवताना सांगत होतात, आज गोट्या पडला, आज मैना ठीक आहे. आणि काकांनी इतकी वर्षं ती बाळं खरी धरली होती, असं मला वाटलं. ती खरी नाहीत, काका, नुसते आकडे आहेत, हे माझ्या तोंडातून निघेना. मी म्हणालो, मी बघतो. ते म्हणाले, "हां, मग ठीक."

आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दोनला दहा कमी असताना तुमचा मेल आला.

मी त्या दिवशी स्वतःला समजावलं. तुमची मेलपेटी रितेशजींनी त्याच सकाळी माझ्याकडे वळवली होती, तुमचं काम माझ्याकडे आलं म्हणून. काहीतरी जुनं अडकलेलं सुटलं असेल. मंगळवारी मी मुद्दाम खाली चहाच्या टपरीवर गेलो. परत आलो तर मेल येऊन पडला होता. एक वाजून पन्नास मिनिटं. तुमचं नाव, तुमचा फोटो, तोच प्रश्न. बुधवारी मी जागेवरच बसलो, हात मांडीवर ठेवून. एक पन्नासला आला. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ती टेस्ट तर चालूच शकत नाही. मी तिच्यावर स्किप लिहिलंय. मी उघडून पाहिलं. शब्द जागेवर होता. त्याला कुणी हात लावला नव्हता. आमच्या बिल्डमध्ये दिवसभर सगळं हिरवं होतं. मग ही कुठे चालतेय?

मी मेल पुन्हा उघडला, या वेळी तळापर्यंत. खाली लिहिलं होतं: ही फेरी कुंदा यांनी सुरू केली.

गुरुवारी सकाळी लवकर जाऊन मी शोधत बसलो. सापडलं ते असं. आमच्या नेहमीच्या यंत्रणेच्या शेजारी एक वेगळी फेरी लावलेली होती, तुमच्या नावाने. तिला एकच काम. रोज दुपारी एक पन्नासला, ज्या ज्या टेस्टवर आम्ही स्किप लिहिलंय त्या सगळ्या, स्किप न मानता, बाकीच्या टेस्टसोबत चालवायच्या. एक पन्नास का, तेही मग कळलं. दोनला वॉर्डात ड्यूटी बदलते. जाणाऱ्या सिस्टरने येणारीला एकेक बाळ दाखवून द्यायचं असतं, तुम्ही सांगितलं होतंत मला एकदा. काही लपवायचं नाही. दहा मिनिटं आधी उभं राहायचं.

एवढं कळल्यावर भूत उतरायला हवं होतं. पण मी फेरी लावल्याची तारीख पाहिली. मी स्किप लिहिलं तोच दिवस. संध्याकाळी सहाचा सुमार. तुम्ही हॉस्पिटलात होतात, लॅपटॉप जवळ होता, हे मला माहीत होतं. बिल्डचे मेल तुम्हाला जात होते, हेही माहीत होतं. तुम्ही पलंगावर पडून बघितलंत की मी काय केलं. माझा शब्द खोडला नाहीत. रितेशजींना कळवलं नाहीत. बाजूने एक वाट काढलीत आणि वाट बघत बसलात, मी सांगीन म्हणून.

आणि दोन दिवसांनी मी तुमच्यासमोर बसून म्हणालो, हिरवी.

तुम्हाला माहीत होतं, ताई. तुम्ही 'बरं' म्हणालात तेव्हा तुम्हाला माहीत होतं.

अजून एक गोष्ट आहे, जिचं उत्तर माझ्याकडे नाही. मी त्या फेरीचा आधीचा सगळा इतिहास उघडला. ज्या दिवशी लावलीत तिथपासून तुम्ही गेलात त्या दिवसापर्यंत, रोज एक पन्नासला, हिरवं. रोज. क्रम नेमका असा पडत गेला की गोट्या छकुलीच्या लगेच आधी एकदाही आला नाही. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लाल. तिथून एकही दिवस हिरवा नाही. ते मेल सगळे तुमच्याच पेटीत येऊन पडत होते, न उघडलेले, एकाखाली एक, सगळ्यांत एकच प्रश्न. तुमचा प्रश्न तुम्हालाच. मी रितेशजींना दाखवलं. म्हणाले, सर्व्हर बदला होगा उसी हफ्ते, या फिर इत्तेफ़ाक है. सर्व्हर बदललेला नव्हता, मी पाहिलं. मग योगायोग असेल. मी त्यापुढे गेलो नाही. यादी बंद केली.

त्यानंतर मी ते केलं जे तुम्ही फळ्यापाशी सांगितलं होतंत. टेस्ट बाजूला ठेवली आणि खरा प्रोग्रॅम उघडला, वॉर्डात चालतो तसाच. गोट्याचं वजन भरलं, औषध काढलं. मग छकुली उघडली. वजन भरलं नाही. बटण दाबलं.

प्रोग्रॅमने आकडा दिला. थांबला नाही, काही मागितलं नाही. छकुलीला गोट्याचं औषध दिलं.

ते मीच लिहिलेलं होतं. वजन भरायचं राहिलं तर त्याच बाळाचं कालचं वजन घ्यावं, अशी सोय केली होती, नर्सचा वेळ वाचावा म्हणून. पण मी 'त्याच बाळाचं' हे कुठे तपासलंच नव्हतं. शेवटचं जे वजन हाताशी असेल ते उचललं जात होतं. तुमची टेस्ट चुकीची नव्हती. ती पहिल्या दिवसापासून तेवढंच विचारत होती. आणि हा प्रोग्रॅम एका खऱ्या वॉर्डात महिनाभर चालू होता.

रितेशजींच्या केबिनमध्ये जाऊन मी सगळं सांगितलं. स्किपचंसुद्धा. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते उभे राहिले, मला म्हणाले, "पहले फ़ोन। बाकी सब बाद में।" पाच मिनिटांत वॉर्डातला तो प्रोग्रॅम बंद केला आणि आम्ही त्यांच्या गाडीने निघालो. शहर संपलं. दोन्ही बाजूंना सोयाबीनची शेतं लागली. मी मनात एकेक बाळ मोजत होतो, ज्यांची नावं मला माहीत नव्हती.

वॉर्ड म्हणजे एक लांब खोली, आठ पाळणे. तिथल्या मोठ्या सिस्टरनी रजिस्टर काढून दिलं. प्रोग्रॅमची नोंद आणि रजिस्टर आम्ही ओळीने ताडून पाहिलं. दोनदा झालं होतं. दोनदा वजन न भरता आकडा आला होता.

पहिल्या वेळी तिथल्या एका सिस्टरने पकडलं. तिलाच बोलावलं. ती म्हणाली, स्क्रीन पे दवा ज़्यादा दिखी, तो मैंने बच्चे को उठा के देखा, हल्का था. फिर तौला. मी विचारलं, उचलून का पाहिलंत? ती म्हणाली की ट्रेनिंगला आलेल्या मॅडमनी सांगितलं होतं, मशीन काहीही म्हणू दे, एकदा बाळ हातात घ्यायचं. हाताला वजन कळतं.

कोण मॅडम, ते मी विचारलं नाही. दुखणं सुरू होण्याआधी ट्रेनिंगला तुम्हीच जात होतात.

दुसऱ्या वेळी कुणीच पकडलं नाही. त्या बाळाला आधीच्या बाळाच्या वजनाने औषध दिलं गेलं. त्या दोघांच्या वजनात अगदीच थोडा फरक होता, म्हणून काही झालं नाही. बाळ चार दिवसांनी घरी गेलं. डॉक्टरांनी आमच्यासमोर त्याच्या घरी फोन लावला, तब्येत विचारली, मागे रडण्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकून मी खोलीबाहेर जाऊन व्हरांड्यात बसलो. बाकी सगळ्याचं श्रेय तुमचं आहे. हे एक नुसतं नशीब होतं, आणि ते मी विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवतोय.

दुरुस्ती छोटी होती. एक ओळ. वजन नसेल तर थांब. तेवढीच. मी ती लिहिली, स्किप काढलं, आणि सगळ्यांसमोर उभं राहून काय झालं ते सांगितलं. त्याच ठिकाणी, जिथे मी तुम्हाला 'हे वेगळं आहे' म्हणालो होतो. मला शिक्षा म्हणून काही झालं असतं तर बरं वाटलं असतं. रितेशजींनी एवढंच केलं की यापुढे कुठल्याही टेस्टवर स्किप लिहायचं असेल तर दोघांच्या सह्या.

काकांकडे पुन्हा गेलो. या वेळी ठरवून गेलो होतो की सांगायचं. म्हणालो, काका, ती बाळं खरी नाहीत. टेस्टसाठी ताईंनी केलेली नावं आहेत ती.

काका पेपरची घडी घालत होते. म्हणाले, "ते माहीत आहे रे मला. मी बँकेत होतो, अडाणी नाही." मग म्हणाले, "पण ती रोज सांगायची आणि मी रोज विचारायचो. आता विचारायची सवय जात नाही, तर तुला विचारलं."

मग त्यांनी मला विचारलं, छकुली कशी आहे. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. माझं खोटंही. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले की त्या दिवशी मी निघून गेल्यावर तुम्ही म्हणाला होतात, पोरगा घाबरलाय, येईल सांगायला. त्यांना तेव्हा कळलं नव्हतं कशाबद्दल.

मी आलो, ताई. फक्त उशिरा.

गेल्या आठवड्यात तुमचं खातं बंद केलं. ते करावंच लागतं, गेलेल्या माणसाच्या नावाने काही चालू ठेवत नाहीत. ती एक पन्नासची फेरी मी माझ्या नावावर घेतली. वेळ बदलली नाही. रोज चालते. रोज हिरवी. हिरव्या फेरीचा मेल येत नाही, तशी सोय तुम्हीच केली होतीत, उगाच कुणाला त्रास नको म्हणून. टेस्ट पास झाली की तिचा संदेशही कुठे दिसत नाही. तो असतो फक्त बिघडल्यावर. त्यामुळे आता दोनला दहा कमी होतात, दोन वाजतात, आणि माझ्या स्क्रीनवर काहीच उमटत नाही. सगळं नीट आहे म्हणून तुम्ही गप्प आहात. हे मीच केलंय, आणि बरोबर केलंय, आणि तरी त्या दहा मिनिटांत मला दुसरं काही काम सुचत नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले होते. मी माझ्या मशीनवर, बाहेर कुठे जाणार नाही अशी खात्री करून, ती एक ओळ काढली आणि टेस्ट चालवल्या. पहिल्याच फेरीत लाल झालं. तुम्ही विचारलंत. मी ते दोनदा वाचलं, तुमच्या आवाजात, आणि रिकाम्या ऑफिसात मोठ्याने म्हणालो, "आपलं आहे ताई."

मग ओळ परत जागेवर ठेवली आणि जेवायला खाली गेलो.